तिरफळापुरती पेटी

कार्यक्रम असेल त्या दिवशी मामा पापड खात नसत. कडक भाकरी नाही, तळलेला मासा नाही, चणे-शेंगदाणे नाहीत. सकाळी पेज आणि दुपारी मऊ भात. "दाताखाली कायतरी मोडला की कान दिसभर तोच आवाज चघळत रवतत," असं म्हणायचे. खरं की खोटं देव जाणे. मी पुढे पापड खाऊन पाहिला आणि न खाऊनही पाहिला, मला काही फरक कळला नाही. पण त्यांच्यासमोर मी कधी पापड मोडला नाही.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली. तिच्यात दोन मोठे भोंगे, आवाज मोठा करणारं एक मशीन, एक तबकड्या वाजवायचं यंत्र, मोटारीच्या चार बॅटऱ्या आणि खुंटीला टांगलेली वायरींची भेंडोळी. तेव्हा गावोगाव वीज नव्हती, सगळं बॅटरीवर चालायचं. लग्न, उत्सव, सभा, कुठेही भोंगा लागला की माणसं त्यांच्याकडे येत. सगळे त्यांना भोंगेवाले मामा म्हणत, म्हणून मीही मामा म्हणायला लागले. तरुणपणी ते मुंबईत सिनेमाच्या थिएटरात मशीनवर होते. तिथून परत का आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लग्न केलेलं नव्हतं. माणसं त्यांना वेडा म्हणायची. थोडे होतेच.

बाजारात जाताना ते दोन्ही कानांत कापूस घालायचे. मासळीबाजारातला कलकलाट कानांना वाईट, म्हणून. मग बोटं दाखवून मासे घ्यायचे. एक कोळीण त्यांना दर वेळी छेडायची, "मामानू, कापूस कित्याक? दर ऐकलात तर झीट येतली म्हणान काय?" मामा तिला दोन बोटं दाखवायचे, ती चार दाखवायची आणि शेवटी तीनवर बांगडे पिशवीत पडायचे. दोघांच्या तोंडून शब्द नाही. नवख्या माणसाला वाटावं, मुक्यांचा बाजार भरला आहे.

तारकर्लीला समुद्रावरचा वारा माईकमध्ये शिरून नुसती घरघर व्हायची. त्यावर मामांनी तान्ह्या मुलाची लोकरीची टोपी आणली होती, गुलाबी, गोंडा असलेली. ती माईकला घालायचे. पोरं हसायची. एका सभेत तर खुद्द पाहुण्यांनी विचारलं, "हे काय हो?" मामा म्हणाले, "वारो लागता तेका." पाहुण्यांनी त्या गोंड्याकडे बघत बघतच भाषण केलं आणि लवकर आटोपलं.

माईक तपासताना बाकीचे लोक हॅलो हॅलो करतात. मामा बोटीची बंदरं म्हणायचे. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. सावकाश, एकेक. विजयदुर्ग घशातल्या घशात राहिला तर माईक हलवायचे आणि पुन्हा रत्नागिरीहून सुरुवात. तोवर माणसं ताटकळत.

मी त्यांच्याकडे कशी आले ते सांगते.

लग्नानंतर दोन वर्षांत माझा नवरा तापाने गेला. सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. आईवडील नव्हते. भाऊ आणि वहिनी होती. त्यांनी मला छळलं असं मी म्हणणार नाही. खायला होतं ते दिलं. पण घर लहान, त्यांची मुलं वाढती, आणि मी तेवीस वर्षांची. वहिनीच्या नात्यात मुंबईला एक घर होतं, तिथे स्वयंपाकाला आणि मुलं सांभाळायला बाई हवी होती. मला तिथे पाठवायचं घरात बोलणं चाललं होतं. अशा गेलेल्या दोन बायका मला माहीत होत्या. एक परत आली ती मरायलाच आली. दुसरीचं पत्रही येईनासं झालं. मला जायचं नव्हतं. पण "जायचं नाही" म्हणायला हातात दुसरं काही काम लागतं, ते माझ्याकडे नव्हतं.

त्या वर्षी देवळात दुपारचं कीर्तन होतं. पुरुष मंडपात, आम्ही बायका मागे फणसाखाली. कीर्तनाच्या मध्येच मामा मशीन तसंच सोडून मागे आले आणि बायकांना विचारायला लागले, "बुवांनी आता काय सांगल्यानी?"

"बरां सांगल्यानी," एकीने उत्तर दिलं.

"बरां म्हणजे काय?"

"देवाचाच कायतरी."

सगळ्या माना डोलावत होत्या. मी म्हटलं, "माका एक अक्षर कळूक नाय. पेटी तेवढी कळली."

वहिनीने मला कोपर मारलं. मामांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "फाल्या सकाळी दुकानात ये."

"कित्याक?"

"माका खरा सांगणारा माणूस होया. हय सगळी बरां म्हणणारी आसत."

दुसऱ्या दिवशी मी गेले. काम असं होतं: कार्यक्रमात सगळ्यात मागे उभं राहायचं. शब्द कळले तर हातातला पांढरा पंचा खांद्यावर, नाही कळले तर खाली सोडायचा. बस. पुढे मामा पंचा बघून मशीनची बटणं फिरवायचे. भावाला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ऐकण्याचे पैसे देतत?" मी म्हटलं, देतात.

पण मामांना नुसता पंचा पुरेना. महिन्याभराने ते मला बटणं शिकवायला लागले. त्यांची शाळाही त्यांच्यासारखीच. मशीनला दोन बटणं होती, एक माईकचं आणि एक तबकडीचं. दुकानात ते तबकडीवर सनई लावायचे आणि स्वतः माईकसमोर बसून वर्तमानपत्र वाचायचे. मी दोन्ही बटणं अशी लावायची की सनई वाजत राहिली पाहिजे आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला बातमी समजली पाहिजे. बातमी संपली की मी रस्ता ओलांडून चहावाल्याला विचारायचं, "काय वाचल्यानी?"

पहिल्या दिवशी चहावाला म्हणाला, "खंयतरी कोणाचातरी लगीन आसा."

मी परत येऊन माईकचं बटण वाढवलं. मामांनी पुन्हा वाचलं. मी पुन्हा गेले. चहावाला कान चोळत म्हणाला, "आता लगनात मारामारी चल्ली आसा."

मामा हसले नाहीत. म्हणाले, "मोठो आवाज येगळो आणि कळणारो आवाज येगळो. वाढवूक गाढवाकसुद्धा येता. तू कमी करूक शिक. बांगड्याच्या सारात तिरफळां किती घालतंस?"

"पाच-सहा."

"मूठभर घातलंस तर?"

"जीभ बधिर होतली. बांगडो लागाचोच नाय."

"मगे बांगडो वाढवतंस?"

"नाय. तिरफळां काढतलंय."

"तर मगे. गाणारो बांगडो, पेटी तिरफळ. ती नसली तर सार फिका, जास्त झाली तर जिभेक काय कळाचा नाय."

हे मला एका दमात कळलं. चौथीपर्यंतच्या शाळेत मला कोणी असं काही शिकवलं नव्हतं. मी सनई कमी केली, इतकी की ती बातमीच्या खाली राहील, पण गेली असं वाटणार नाही. चहावाल्याने त्या दिवशी बातमी घडाघडा सांगितली आणि वर म्हणाला, "आता ह्या रोज वाचा, माझो पेपर वाचलो."

पूर्वी एकच माईक असे. तेव्हा बटणावर काही अवलंबून नव्हतं, माणसांना बसवण्यावर होतं. गाणारा माईकपासून वीतभर, पेटी तीन हात बाजूला, तबला चार हात मागे, झांजवाला खांबाच्या आड. मामा खडूने जमिनीवर खुणा करायचे आणि माणसाला उचलून तिथे बसवायचे. माणसं चिडायची. एका झांजवाल्याने विचारलं, "माका खांबाआड कित्याक? माझा काय चुकला?" मामा म्हणाले, "तुजा काय चुकूक नाय. तुज्या झांजेचा चुकता."

या बसवण्यावरूनच उत्सवाच्या शेटांचं आणि मामांचं बिनसलं. शेटांचं बाजारात मोठं दुकान होतं, देवळाच्या मंडळाचे ते मुख्य होते आणि दर वर्षी कीर्तनाला पेटी तेच वाजवायचे. पेटी बरी वाजवायचे, पण जोरात. तीन हात लांब बसणं त्यांना मानवत नव्हतं. म्हणून त्यांनी मुंबईहून दुसरा माईक मागवला, खास पेटीसाठी, आणि मामांना आणून दिला. "आता बसवा माका खंय ता." मामांनी माईक घेतला, उलटसुलट करून बघितला आणि तबकडीच्या जागी जोडला. म्हणजे आता एक बटण बुवांचं आणि एक शेटांचं.

भावाने मला तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं. यंदाच्या उत्सवापर्यंत थांबतो. उत्सवानंतर मामांकडे बारा महिने पुरेल असं काम असेल तर राहा, नाहीतर मुंबईला पत्र जाईल. आणि मामांचं काम शेटांवर होतं. आसपासची गावं भोंगा ठरवताना शेटांनाच विचारायची. शेट रागावले तर मामांचं दुकान बसणार आणि माझं गाठोडं बांधलं जाणार. हे मला माहीत होतं, मामांनाही माहीत होतं.

असं असताना उत्सवाच्या सहाव्या दिवशी दुपारी मामांनी काय करावं? मला मशीनसमोर बसवलं आणि स्वतः पंचा घेऊन मागे फणसाखाली बायकांत जाऊन बसले.

मंडपात कुजबुज सुरू झाली. शेटांनी मांडी घालता घालता हाक मारली, "मामानू! बायलमाणसाक मशीनीर बसवलात? डोक्यार परिणाम झालो काय?"

मामा मागूनच ओरडले, "मशीनीक कळता काय, कोण बसला ता?"

मागे बायका वेगळ्याच चिडलेल्या. "मामानू, हय खंय? हय बायका आसत!"

"माका दिसतत. ऐकाक काय येता ता बघूक इलंय. जरा सरका."

बुवा घाटाकडच्या गावातले, वयस्कर. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. त्यांनी कथा सुरू केली. शेटांनी भाता जोरात ओढला. मागे पंचा खाली गेला. म्हणजे शब्द कळत नव्हते.

आणि मी चूक केली. शेटांच्या बटणाला हात लावायची मला हिंमत झाली नाही. ते समोर तीन हातांवर बसलेले, माझ्या बोटांकडे बघत होते. मी बुवांचं बटण वाढवलं. बुवा मोठे झाले, तशी शेटांना स्वतःची पेटी ऐकू येईना, त्यांनी आणखी जोर लावला. मग तबलजीने हात उचलला. मी बुवांना पुन्हा वाढवलं. शेट म्हणाले, "बाय, पेटी वाढव गो!" मी पेटीही वाढवली. आणि दोन्ही भोंग्यांनी एकदम अशी शीळ घातली की फणसावरचे कावळे उडाले. बुवा बोलायचे थांबले. मंडपात कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "तरी सांगत होतंव."

मी मागे बघितलं. मला वाटलं मामा धावत येतील. ते उठलेसुद्धा नाहीत. बायकांमध्ये मांडी घालून बसले होते आणि हाताचा पंजा जमिनीकडे दाबत होते. खाली. खाली.

तेव्हा मला त्यांचा राग आला. माझं मुंबईचं गाठोडं इथे बांधलं जात होतं आणि हा माणूस फणसाखाली बसून हात दाबत होता. पण त्या रागानेच माझी भीती गेली. मी दोन्ही बटणं पार खाली नेली. शीळ थांबली. सगळं इतकं शांत झालं की समुद्र ऐकू यायला लागला. मग बुवांना मी सावकाश वर आणलं, मागचा पंचा मामांच्या खांद्यावर चढेपर्यंत, त्याच्या पुढे एक केसभर नाही. मग शेटांची पेटी. ती बुवांच्या पायाशी आली तिथे थांबवली.

"पेटी खंय गेली?" शेट म्हणाले.

"आसा," मी म्हटलं. "वाजवा."

त्यांनी जोर लावला. भात्याचा श्वास चालला होता, बोटं आपटत होती, पण भोंग्यातून पेटी तेवढीच येत होती. पहिल्यापेक्षा आता एकूणच आवाज लहान होता. पुढच्या माणसांनी बोलणं बंद केलं, कारण बोललं तर ऐकू येत नव्हतं. लहान मुलांना गप्प केलं गेलं. शेटांनी दहा मिनिटं भाता झोडला आणि मग दमले. दमल्यावर हळू वाजवायला लागले. हळू वाजवायला लागल्यावर त्यांना बुवा ऐकू आले असावेत, कारण बुवा थांबले तिथे तेही थांबले. हे त्या उत्सवात पहिल्यांदा झालं.

कीर्तन संपलं. आरती झाली. शेट पेटी बंद करून सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा लाल.

"माईक माझो, पैशे माझे, आणि माझीच पेटी बंद करतंस?"

मी उठून उभी राहिले. मी काय बोलणार होते कोण जाणे, पण तेवढ्यात मागून एक म्हातारी काठी टेकत मंडपात आली. शेटांची आई. ती दर वर्षी फणसाखाली पहिल्या रांगेत बसायची.

"बाबा," ती म्हणाली, "चाळीस वर्सां मी ह्या कीर्तनाक येतंय. आज पयल्यांदा माका कथा कळली."

"आणि पेटी?" शेट म्हणाले.

"तुझी पेटी मी घराकडे रोज आयकतंय. थय माझी सुटका नाय."

मंडप हसला. बुवाही हसले, उपरणं तोंडाला लावून. शेट हसले नाहीत. पण आईसमोर त्यांचा आवाज चढत नसे, हे सगळ्या मालवणाला माहीत होतं. त्यांनी मामांना शोधलं. मामा तोवर शांतपणे वायर गुंडाळत पुढे येत होते.

"फाल्या कीर्तन किती वाजता?" शेटांनी त्यांना विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं.

"तीन वाजता," मी म्हटलं. "बसाची जागा तीच."

दुसऱ्या दिवशी उत्सवाचा शेवट. सकाळी भाऊ दुकानात आला. मी बॅटऱ्यांत पाणी घालत होते. काल काय झालं ते त्याने बाजारात ऐकलं होतं, पण प्रत्येकाकडून वेगळं. कोणी म्हणालं बहिणीने नाव काढलं, कोणी म्हणालं शेटांचा अपमान केला. त्याला त्याचा हिशेब लावता येत नव्हता. तो सरळ मामांकडे गेला.

"मामानू, खरा काय ता सांगा. हिका बारा म्हयने काम देतलात? नायतर आज पत्र धाडतंय."

मामा विजयदुर्ग म्हणत माईक तपासत होते. त्यांनी माईक खाली ठेवला.

"माका कित्याक विचारतस? कालपासून मशीन तिच्याकडे आसा. मी मागे बसतंय. माका ती ठेवता काय ता तिका विचार."

भावाने माझ्याकडे बघितलं. मलाही हे नवीनच होतं. मामांनी मला आधी काही सांगितलं नव्हतं, आणि नंतरही कधी त्यावर बोलले नाहीत. त्यांचा उजवा कान अधू होत चालला होता हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं, तेही मीच एकदा उजव्या बाजूने हाक मारली म्हणून. पण तेवढ्यासाठीच त्यांनी मशीन दिलं असं मला वाटत नाही. दुकानाशेजारी त्यांचा पुतण्या राहत होता, त्याला देता आलं असतं. तो सगळ्यांना बरां म्हणणारा होता.

"पत्र धाडू नको," मी भावाला म्हटलं.

तो गेला. वहिनीने त्या दिवशी माझ्यासाठी डब्यात भात दिला, मऊ. बहुतेक मामांच्या पथ्याचं तिच्याही कानावर गेलं होतं.

मी मामांचे आभार मानले नाहीत. आमच्यात तशी रीत नव्हती, आणि मानले असते तर ते म्हणाले असते की आवाज कमी कर. त्या मशीनवर मी तीस वर्षं पोट भरलं. कोणाच्या दारात उभी राहिले नाही. मामा गेले तेव्हा त्यांच्या दिवसांचं जेवण मी घातलं, पुतण्याने नाही. एवढं सांगितलं की पुरे.

त्या दुपारी तीनला शेट वेळेवर आले. खडूच्या खुणेवर बसले. माझ्याशी बोलले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. बुवांनी कथा उचलली. शेटांनी पेटी धरली ती पहिल्यापासूनच हळू. बुवांचा सूर जिथे उतरायचा तिथे ते खालून हात द्यावा तसा एक सूर देत होते. चांगले वाजवत होते. मला ते आवडत नव्हते तरी चांगले वाजवत होते, हे खरं. मागे मामांच्या खांद्यावर पंचा होता, म्हणजे शब्द कळत होते, काही बदलायची गरज नव्हती.

तरी मी हात पुढे केला आणि शेटांचं बटण थोडं वर आणलं.